बेडं, गडगा आणि हातातली दोरी

बेडं! कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण मी देशावरची, आणि बेडं पहिल्यांदा नीट पाहिल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे रचलेल्या कुंपणभिंतीत, मधेच एक वाट सोडलेली, तिच्या दोन बाजूंना दोन खांब, खांबांना एकाखाली एक भोकं आणि त्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. झालं. बिजागरी नाही, कडी नाही, कुलूप नाही, खिळासुद्धा नाही. माणसाला जायचं असेल तर वरचे एक-दोन बांबू बाजूला सारायचे, पाय उचलून पलीकडे व्हायचं आणि बांबू पुन्हा जागेवर. गुरं न्यायची असतील तर सगळे बांबू काढायचे. म्हणजे एकाच दारात माणसाचं दार वेगळं आणि गाईचं वेगळं! वाटसरूला अडवायचं नाही आणि गाईला मात्र सोडायचं नाही, हा प्रश्न जगभरच्या शेतकऱ्यांना पडलेला आहे. तो रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यावाड्यांत चार बांबूंनी सोडवून ठेवलाय.

नोकरीनिमित्त मी रत्नागिरीला आले, बरोबर माझा काळू. गावठी कुत्रा, अंगानं सडपातळ, नाकानं भलताच हुशार, आणि रोज मैलभर पळाल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. गावातल्या रस्त्यावर त्याला कुठं पळवणार? म्हणून वर सड्यावर जायला लागलो. रत्नागिरीची जमीनच अशी आहे की खाली खाडी आणि समुद्र, उतारावर वाड्या आणि आगरं, दोन टेकड्यांच्या मधे भाताची खाचरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सपाट कातळ, तोच सडा. लांबच लांब, उघडाबोडका, काळपट तांबडा. मे महिन्यात तो इतका तापतो की कुत्र्याच्या पंजांना पोळतं. आणि जूनच्या पहिल्या सरींवर सरी आल्या की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं, फटींतून गवत उठतं आणि दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही दीपकाडी फक्त कोकणपट्टीतच उगवते. पुढे गेंद येतात, सीतेची आसवं येतात. भादव्यात सड्यावर पाय कुठं ठेवावा हा प्रश्न पडतो.

आणि नेमकं तेव्हाच सगळी गुरं वर असतात.

हे मला समजलं तो क्षण मी विसरणार नाही. पावसाळ्यात खालच्या खाचरांत भात उभं असतं. एक गाय आत शिरली तर एका रात्रीत पोटाची बेगमी जाते. म्हणून गुरं वर न्यायची, कातळावर आणि वरकस उतारांवर चारायची, आणि दिवस कलला की पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली गोठ्यात आणायची. मग कापणी होते, खळ्यातलं काम उरकतं, आणि गुरांना खाचरं मोकळी होतात. उरलेल्या धसकटांवर ती चरत राहतात. म्हणजे गुरांच्या जागा ऋतूप्रमाणे वर-खाली होतात आणि बेड्यांतले बांबूसुद्धा त्याच हिशेबानं लागतात आणि निघतात! श्रावणात ज्या बेड्यात सगळे बांबू पक्के असतात तेच बेडं पौषात सताड उघडं दिसतं. उघडं दिसलं म्हणून लावायचं नाही, लावलेलं दिसलं म्हणून उघडं टाकायचं नाही. ते जसं असेल तसं ठेवायचं, कारण ते कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. बाहेरून आलेल्या माणसाला एवढं एक कळलं तरी त्याचं निम्मं काम झालं.

हे सगळं मला शिकवलं ते एका गुराखी आजोबांनी. डोक्यावर इरलं, हातात काठी, आणि पुढ्यात बारकी, काटक, तांबूस-काळपट गुरं. ही कोकण कपिला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची देशी गोवंशातली स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. दूध थोडं देते, पण या तापत्या कातळावर, या धो धो पावसात, या निकस गवतावर ती टिकते आणि चढ-उताराला तिचा पाय घसरत नाही. आजोबांनी आम्हाला लांबूनच पाहिलं आणि हाक घातली, "बाय, कुत्र्याची दोरी आखूड धर. आनि गुरांच्या मधून नको, वरच्या अंगानं ये."

मी वरच्या अंगानं गेले आणि तिथंच बसले. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी भराभर मनात टिपत गेले. माझ्या मते वनस्पतींची नावं पाठ करून येणाऱ्या प्रत्येक ट्रेकरनं आधी हे पाठ करावं.

गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून कधी जायचं नाही. वासरू दिसत नसलं तरी ते गवतात बसलेलं असू शकतं, म्हणून एकटी उभी राहून टक लावणारी गाय दिसली तर तिच्या नजरेच्या रेषेत शिरायचं नाही. कुत्रा कळपाच्या बाजूला नको, आपल्या पलीकडच्या हाताला हवा, म्हणजे गाय आणि कुत्रा यांच्या मधे माणूस येतो. पळायचं नाही. ओरडायचं नाही. कळप वाटेवरच बसला असेल तर त्याला उठवायचं नाही, आपण वळसा घ्यायचा. दुपारी गुरं ठरलेल्या झाडाखाली गोठणीवर रवंथ करत बसतात, त्या वेळी त्या बाजूला कुत्रा न्यायचाच नाही, कारण बसलेलं जनावर दचकून उठलं की सगळा कळप उधळतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाय खरोखर अंगावर आली तर दोरी सोडून द्यायची.

"सोडून द्यायची?" मी विचारलं.

"सोडायची. तिचं वैर कुत्र्याशी, तुज्याशी नाय. कुत्रा पळंल, तो तुज्यापरीस जोरात पळतो. तू धरून ठेवलास तर ती तुज्यावर येनार."

मी घरी येऊन वाचायला बसले आणि थक्क झाले. इंग्लंडमध्ये शेतजमिनीतून चालणाऱ्यांसाठी एक संहिता आहे, 1951 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली आणि तेव्हापासून सुधारत आलेली. तिच्यात हेच लिहिलंय! गुरं मागे लागली तर कुत्र्याला सोडा, त्याला वाचवायला धरून ठेवू नका. फाटक जसं असेल तसंच ठेवा. हे आजोबा कधी मुंबईच्या पलीकडे गेलेले नाहीत, आणि कळपामागे चालून चालून ते त्याच ठिकाणी पोचले जिथं तिकडचे जाणकार पोचले. याचा मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी त्यांना ते सांगायला मुद्दाम वर गेले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. गाय तिथलीही गायच, म्हणाले.

गाय कुत्र्याला पाहून अशी का उलटते, याचंही शास्त्र आहे आणि तेही विलक्षण सुंदर आहे. गाईचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. तिला पुढचं, बाजूचं आणि बरंचसं मागचंही दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागची एक पट्टी दिसत नाही. तिथून कुणी आलं की ती बिथरते. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं. त्याच्या बाहेर तुम्ही उभे असाल तर ते फक्त बघत राहतं, आत पाय टाकलात तर हलतं, आणि फार आत शिरलात तर पळतं किंवा उलटतं. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी गुरांच्या या वागण्यावर आयुष्यभर काम केलंय आणि त्या अभ्यासावरून गुरं हाताळायच्या जागांची रचनाच बदलली. माणसासाठी हे वर्तुळ लहान असतं, कारण रोज माणूस दूध काढतो, पेंढा टाकतो. अनोळखी कुत्र्यासाठी ते कितीतरी मोठं होतं. कुत्रा म्हणजे गाईच्या लेखी लांडग्याच्या कुळातला, तो कितीही लाडाचा असो. मग मी काळूबरोबर मुद्दाम लांबून चालून पाहू लागले. एका ठिकाणी पोचलं की सगळ्या माना एकदम वर येतात. तीच ती रेषा! दोन पावलं मागे आलं की माना पुन्हा खाली गवतात. तेव्हापासून मला सड्यावर ही वर्तुळं दिसतात, प्रत्येक कळपाभोवती, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आमची वाट काढण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही.

गडग्याबद्दलही सांगायलाच हवं. चिऱ्यांचे आणि कातळाच्या तुकड्यांचे हे गडगे मातीचुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले असतात. पाणी त्यांतून वाहून जातं, म्हणून पावसात ते ढासळत नाहीत. पण माणूस वरून चढला की वरचे दोन दगड हलतात. आज हललेला दगड उद्या पडतो, परवा तिथून एक खोंड उडी मारतं, आणि त्याच्या मागून कळप खालच्या भातात. म्हणून बेडं लांब असलं तरी बेड्यानंच जायचं. शिवाय या दगडांच्या सांदीत फुरसं असतं. रत्नागिरीचं फुरसं सगळ्या कोकणाला ठाऊक आहे, लहानसं आणि चटकन चावणारं. कुत्र्याला गडग्याच्या भोकांत नाक घालू द्यायचं नाही. काळूला मी गडग्यापासून हातभर लांब चालवते. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर सड्यावर नेतच नाही. त्या वेळा बिबट्याच्या. महाराष्ट्रात विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला तेव्हा त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे मोकळा सोडलेला कुत्रा बिबट्याला वाडीकडे बोलावतो, आणि तो आला की पुढची पाळी गोठ्यातल्या वासराची.

कुत्र्याच्या विष्ठेची गोष्ट ऐकून तर मी चक्रावले. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी असतो. तो कुत्र्याच्या विष्ठेतून गवतात जातो, गवतातून गाभण गाईच्या पोटात, आणि गाय गाभ टाकते. कुत्रा दिसायला ठणठणीत असतो. म्हणजे सड्यावर कुत्रा एका जागी बसला आणि आपण पुढे निघून गेलो, एवढ्यानं कुणाच्या तरी घरचं पुढच्या वर्षीचं दूध जाऊ शकतं. कागदी पिशवी खिशात ठेवणं ही शहरातल्या फुटपाथपुरती शिस्त आहे असं पुष्कळांना वाटतं. तिची खरी गरज इथं, चरणीच्या गवतात आहे! रेबीजची लस तर हवीच. आणि कोकणात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लसही विसरता कामा नये, कारण पावसाळ्यात लेप्टो या भागात माणसांनाही होतो, आणि सड्यावरच्या ज्या खळग्यात कुत्रा उतरतो त्यातलंच पाणी गुरं पितात.

आता हे सगळं इतकं महत्त्वाचं का, तर सड्यावर माणसं येऊ लागली आहेत म्हणून. खूप माणसं. कारण कातळशिल्पं! रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर काही हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कातळात कोरलेली चित्रं आहेत. गावकऱ्यांना त्यांतली काही पिढ्यानपिढ्या माहीत होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून, वाडीवाडीत विचारत ती शोधली आणि जगापुढे आणली. त्यांच्या या शोधात गुराख्यांचा आणि शेतकऱ्यांचा केवढा वाटा आहे! सडा रोज चालणारा माणूस तोच. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन वाघ. उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. या चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, मासे आहेत, पण शेतीची खूण दिसत नाही, असं पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ती कोरणाऱ्यांच्या काळात इथं बहुधा गाय बांधलेली नव्हती. आणि आज त्याच हत्तीच्या कडेनं गाय चरते! मी कशेळीला उभी होते आणि ही दोन्ही एकदम माझ्या डोळ्यांपुढे होती. मला बोलायला शब्द सुचेनात.

मोटारी येतात, मुलं उतरतात, कुणी हौसेनं कुत्राही आणतं आणि मोकळं रान बघून पट्टा सोडतं. बिस्किटांचे पुडे, चिप्सच्या पिशव्या उडत राहतात. गाय ती पिशवी खाते, ती तिच्या पोटात अडकून बसते, आणि पिशवी मागे टाकणारा घरी जाऊन सड्याचे फोटो दाखवत असतो. उरलेल्या खाण्यावर भटकी कुत्री जमतात, टोळी करतात आणि वासरांच्या मागे लागतात. यातलं काहीच व्हायला नको आहे, आणि ते टाळणं अवघडही नाही, हेच मला ओरडून सांगायचंय! उक्षीला गावानं पुढाकार घेतला आणि हत्तीच्या चित्राभोवती चिऱ्यांचा कठडा बांधला. माणूस बाहेरून बघतो, चित्रावर पाय पडत नाही, गुरंही त्यावरून जात नाहीत. गडग्याचंच तत्त्व, आणि त्यानं पाहुणा, गाय आणि हजारो वर्षांचा वारसा तिघांचीही सोय झाली.

कायद्याचं थोडं सांगते, कारण इथं आपली जबाबदारी जास्त आहे. इंग्लंडमध्ये 24 एप्रिल 1932 ला शेकडो माणसं किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मालकांचा विरोध मोडून चढली, काहींनी तुरुंगवास भोगला, आणि त्या हट्टाचं फळ पुढे मोकळ्या माळांवर चालण्याच्या हक्कात आलं. 2000 सालच्या कायद्यानं तो हक्क दिला. मात्र त्याबरोबर 1 मार्च ते 31 जुलै या काळात आणि गुरंमेंढरं जवळ असतील तर वर्षभर कुत्रा 2 मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यानं धरायची अटही घातली. आपल्याकडे हिंडणाऱ्याला असा हक्क नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून वाट देतं, पण ते शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानं अडवलेली वहिवाट मोकळी करून मागता येते, सहा महिन्यांच्या आत अर्ज केला तर, तीही शेताशी संबंध असलेल्यांसाठी. तुम्ही-आम्ही सड्यावर चालतो ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावरून चालतो आणि केवळ गावाच्या भलेपणानं चालतो. 1990 च्या फळबाग योजनेनंतर कितीतरी सड्यांवर कातळ फोडून हापूसची कलमं लागली, तारेची कुंपणं आली, जुन्या पायवाटा बंद झाल्या. जिथं अजून बेडं आहे तिथं मालकानं वाट ठेवलेली आहे. कुणी तिथून कुत्रा मोकळा सोडून एक वासरू बिथरवलं, तर उद्या त्या बेड्याच्या जागी तार येईल, आणि त्या मालकाला दोष देण्याचा आपल्याला काही अधिकार राहणार नाही.

माझी एक मागणी आहे, ग्रामपंचायतींकडे आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे. कातळशिल्पांच्या वाटेवर पहिल्या बेड्यापाशी एक फळी लावा: सध्या गुरं कुठं आहेत, बेडं उघडं ठेवायचं की लावायचं, गोठण कुठली, कुत्रा चालेल की नाही. ऋतू बदलला की खडूनं मजकूर बदलायचा. जिथं गाभण गुरं आणि लहान वासरं असतील त्या महिन्यांत कुत्र्याला सरळ मनाई असू दे, काळूलासुद्धा. आम्ही खाली समुद्रावर जाऊ, भाट्याच्या वाळूत तो तितकाच खूश असतो. आणि वाट दाखवायला गुराख्याला बरोबर घ्या. त्याला प्रत्येक बेडं ठाऊक असतं, कुठली गाय मारकी आहे ते ठाऊक असतं, गवत कापणीला कुणाची माणसं कुठल्या उतारावर आहेत तेही ठाऊक असतं, आणि यादीत नसलेलं एखादं चित्रही तो दाखवील. त्याचा दिवस मोडतो, तेव्हा मजुरी आधी विचारा, ती पूर्ण द्या, आणि त्याची गुरं त्या दिवशी कोण राखणार याची सोय झाली आहे ना, हे विचारूनच निघा.